एका अक्षराने हुकलेलं मोपा: सिम्युलेटरमधल्या एफएमसीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा सिम्युलेटरवर उडणाऱ्यांचा आठ जणांचा गट आहे. बहुतेक पुण्यातले, एक ठाण्याचा, एक दुबईत नोकरीला. रविवारी संध्याकाळी सगळे आपापल्या घरून एकाच ऑनलाइन जाळ्यावर येतात. तिथे हौशी माणसंच एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून बसलेली असतात. कुठून कुठे जायचं ते ठरवणं, मार्गाचा आराखडा बनवणं आणि प्रत्येकाच्या विमानाला चालेल अशी फाइल पाठवणं ही कामं माझ्याकडे आहेत. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी जे घडलं त्याचा एक धागा म्हणूनच माझ्यापर्यंत येतो, आणि तो मी इथे लपवलेला नाही.

ज्यांच्याबाबत हे घडलं त्यांना गटात सगळे काका म्हणतात. वय सदुसष्ट, उभी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झालेली. त्यांच्या जुन्या संगणकावर २००६ साली आलेला फ्लाइट सिम्युलेटर एक्स चालतो आणि त्यात नंतर विकत घेतलेलं ७३७-८००चं एक तपशीलवार ॲड-ऑन आहे. त्याच सोसायटीत राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगाही आमच्या गटात आहे. त्याच्याकडे नवं यंत्र, नवा सिम्युलेटर. काकांना काही अडलं की तो वरच्या मजल्यावरून खाली येतो.

एफएमसी म्हणजे विमानाचा मार्ग, उंची, वेग आणि इंधन यांचा हिशेब ठेवणारा संगणक. वैमानिकाचा त्याच्याशी संबंध येतो सीडीयूमधून: छोटा पडदा, दोन्ही बाजूंना सहा-सहा बटणं, खाली अक्षरं आणि आकडे. भरायचं ते आधी पडद्याच्या तळाच्या ओळीत, म्हणजे स्क्रॅचपॅडमध्ये टाइप करायचं, मग हव्या त्या ओळीच्या बाजूचं बटण दाबून वर चढवायचं, आणि सगळं पटलं की एक्झेक, म्हणजे बदल पक्का करणारं बटण. काकांना ही पानं क्रमाने पाठ आहेत: आयडेंट, पॉझ इनिट, रूट, डिपार्चर-अरायव्हल, पर्फ इनिट, एन-वन लिमिट, टेकऑफ. मुंबई–डाबोळी फेरी तर त्यांनी दीडशेच्या आसपास वेळा केली असेल. तो मार्ग एफएमसीत साठवलेलाच आहे. नाव टाकलं की अख्खा येतो.

त्या रविवारसाठी मी मोपा निवडलं. पेडणे तालुक्यातल्या पठारावरचं मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं. गटातलं कुणीच तिथे उतरलं नव्हतं. डाबोळी बंद झालेलं नाही. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, सरळ रेषेत एकमेकांपासून चाळीसेक किलोमीटरवर. विमानतळाला ओळखण्यासाठी एफएमसीत चार अक्षरं टाकतात. मोपाची व्हीओजीए, डाबोळीची व्हीओजीओ. फरक शेवटच्या अक्षराचा.

अडचण कशी उभी राहिली

गुरुवारी मी सिमब्रीफ या उड्डाणाचे आराखडे बनवणाऱ्या संकेतस्थळावर आराखडा बनवला, प्रत्येकाच्या विमानाच्या प्रकाराची मार्ग-फाइल काढली आणि पाठवून दिली. काकांना त्यांच्या ७३७ची फाइल आणि मोपाच्या एका मोफत दृश्यसंचाचा दुवा दिला. दृश्यसंच मुलाने बसवून दिला. धावपट्टी दिसत होती, टर्मिनल दिसत होतं. आपलं काम झालं असं आम्ही दोघांनीही धरलं.

रविवारी उड्डाणाआधी वीस मिनिटं काकांनी फाइल एफएमसीत घेतली. मार्ग आला, पण शेपटीकडचा भाग गळालेला: शेवटच्या टप्प्याच्या जागी रिकामे चौकोन आणि ‘डिसकन्टिन्युइटी’, म्हणजे मार्ग तुटल्याची खूण, गंतव्याची जागा मोकळी. काकांनी व्हीओजीए टाइप केलं. स्क्रॅचपॅडवर उत्तर आलं, ‘नॉट इन डेटाबेस’. पुसून पुन्हा टाइप केलं. तेच उत्तर.

पहिला निर्णय इथे होता. काकांनी त्या वेळी काय विचार केला ते त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं, आणि प्रकरणाचा गाभा तोच आहे. त्यांच्या सिम्युलेटरच्या यादीत गोव्याचं विमानतळ व्हीएजीओ नावाने आहे, कारण डाबोळीची अक्षरं पूर्वी तशी होती. ॲड-ऑनच्या एफएमसीत तेच विमानतळ व्हीओजीओ. म्हणजे कित्येक वर्षं ते एकाच जागेची दोन नावं शेजारी शेजारी बघत आले होते, आणि त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. आता तिसरं नाव समोर आलं, तेव्हा त्यांना वाटलं की अक्षरं पुन्हा बदलली असणार. “जागाही बदललीय हे मला माहीत होतं रे,” ते मुलाला म्हणाले, “पण त्या क्षणी ते डोक्यात आलंच नाही. मी नावाच्या मागे लागलो होतो.”

त्यांनी व्हीओजीओ टाइप केलं. एफएमसीने निमूट घेतलं. एक्झेकचा दिवा लागला, बटण दाबलं, दिवा विझला. धावपट्टी कंट्रोलर सांगेल तेव्हा टाकू म्हणून आगमनाचं पान त्यांनी रिकामंच सोडलं. जाळ्यावर भरलेल्या आराखड्यात गंतव्य मोपा होतं, आणि विमानाच्या पोटात डाबोळी.

उड्डाण

मुंबईहून निघताना सगळं सुरळीत झालं. २५,००० फुटांवर विमान स्थिर झालं. पुढचं समजायला थोडं गणित लागतं.

सरळ रेषेत मुंबई ते मोपा सुमारे २१० सागरी मैल, मुंबई ते डाबोळी सुमारे २३०. २५,००० फुटांवरून नेहमीच्या उतारात खाली यायला पंचाहत्तर-ऐंशी मैल लागतात. म्हणजे मोपाला जायचं तर उतरायला साधारण रत्नागिरीच्या आडवं आल्यावर सुरुवात करायची. डाबोळीला जायचं तर वीस मैल पुढे, राजापूरपाशी. एफएमसीने डाबोळीचा हिशेब धरून नकाशावर टॉप ऑफ डिसेंटचं, म्हणजे उतरायला सुरुवात करायच्या जागेचं, हिरवं वर्तुळ राजापूरपाशी काढलं.

कंट्रोलरने रत्नागिरीच्या बऱ्याच आधी उतरण्याची परवानगी दिली, आपल्या सोयीने उतरा म्हणून. अशी मोकळीक मिळाली की एफएमसीच्या वर्तुळापर्यंत थांबायचं, हे काका चांगल्या सवयीनेच करत आले आहेत. ते थांबले. पुढची-मागची विमानं खाली जात होती. गटाच्या बाजूच्या व्हॉइस चॅनेलवर मुलाने विचारलं, “काका, तुम्ही अजून वरच कसे?”

“बॉक्स म्हणतोय अजून वेळ आहे.”

वर्तुळ आलं तेव्हा विमान मोपाच्या हिशेबाने सहा हजार फुटांहून अधिक वर होतं. कंट्रोलरने दिशा दिली, वेग कमी करायला सांगितला, मग विचारलं की मोपासाठी आपण उतरणार आहात ना. काकांनी मार्ग दुरुस्त करायला घेतला. पुन्हा व्हीओजीए, पुन्हा नॉट इन डेटाबेस. मग आराखड्यातले अक्षांश-रेखांश हाताने भरायचा प्रयत्न. एक आकडा कमी पडला, ‘इनव्हॅलिड एन्ट्री’. तीन-चार मिनिटं त्यांची नजर सीडीयूवरून हलली नाही. तेवढ्यात स्पॉयलर, म्हणजे पंखांवरचे हवा अडवणारे पट्टे, उघडून, चाकं खाली टाकून विमान खाली आणता आलं असतं किंवा एक वळसा मागून घेता आला असता. विमान मोपाच्या पठारावरून दक्षिणेकडे निघून गेलं. मागून येणारा सोलापूरचा एक अनोळखी वैमानिक त्यांच्यामुळे फेऱ्या मारत थांबला होता. काकांनी कंट्रोलरची माफी मागितली आणि जोडणी तोडली.

सिम्युलेटर आहे, कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री काकांनी मला फोन करून सांगितलं की ते काही दिवस येणार नाहीत. पस्तीस वर्षं मायक्रॉनमध्ये मोजमापं घेतलेल्या माणसाला आपल्यामुळे दुसऱ्याचं काम खोळंबलं हे लागलं होतं.

निदान

मंगळवारी संध्याकाळी मुलगा आणि मी त्यांच्याकडे बसलो. मार्गापासून सुरुवात करायची नाही, असं ठरवलं होतं. सीडीयूवर आयडेंट पान उघडलं. तिथे विमानाच्या प्रकाराखाली एफएमसीतल्या माहितीची मुदत छापलेली असते. काकांच्या पडद्यावर होतं: एफईबी२८एमएआर२७/१९. म्हणजे २८ फेब्रुवारी ते २७ मार्च २०१९, सायकल १९०३. ॲड-ऑन बसवलं त्या दिवसापासून तीच.

विमानवाहतुकीची नकाशाविषयक माहिती जगभर दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी बदलते. त्या चक्राला एअरॅक सायकल म्हणतात. नावातले पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या क्रमांकाचे. मी आराखडा बनवला तो २३०७ वर. मधल्या चार वर्षांत मोपा उभं राहिलं, आणि त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गचं चिपीही. १९०३ ला या दोन्हींचा पत्ताच नव्हता.

हा झाला एक थर. मी तिथेच थांबणार होतो. मुलाने काकांच्या संगणकावर लिटल नेव्हमॅप बसवलं. हे मोफत आणि मुक्त स्रोताचं साधन सिम्युलेटरच्या पोटातली विमानतळं आणि रेडिओ-साधनं वाचून नकाशावर मांडतं. बाहेरची नेव्हडेटा, म्हणजे विमानतळ, बिंदू आणि मार्गांची माहिती, वापरायची की फक्त सिम्युलेटरची, हे त्यात निवडता येतं. फक्त सिम्युलेटरची निवडली. मोपाची धावपट्टी दिसली, दृश्यसंचामुळे. तिच्या टोकाला आयएलएसचा, म्हणजे रेडिओ-संकेतांनी विमानाला धावपट्टीवर आणणाऱ्या यंत्रणेचा, पिसासारखा त्रिकोण असायला हवा होता, तो नव्हता. धावपट्टी होती, पण रेडिओवरून वाट दाखवणारं काही नव्हतं. एफएमसी अद्ययावत असता तरी काकांना तिथे आयएलएसचा संकेत मिळाला नसता.

म्हणजे याद्या तीन होत्या आणि तिन्ही वेगळ्या काळातल्या. आराखडा बनवणाऱ्या साधनाची २०२३ची. एफएमसीची २०१९ची. सिम्युलेटरच्या जगाची २००६ची, तिच्यावर एका हौशी माणसाने चिकटवलेल्या ठिगळासकट. हैदराबादचं शमशाबाद आणि बंगळूरचं देवनहळ्ळी ही दोन्ही विमानतळं २००८ साली सुरू झाली. काकांच्या सिम्युलेटरला तीही मुळातून ठाऊक नाहीत. सिम्युलेटरच्या जगातलं चुंबकीय विचलनही, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक, जुनंच असतं. भारतात ते शून्याच्या आसपास असल्याने आपल्याला ते खुपत नाही, पण अलास्का किंवा कॅनडाच्या बाजूला तेच अंशांमध्ये जाणवतं.

हे ऐकून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, ही तर ड्रॉइंगच्या रिव्हिजनची भानगड आहे. ऑपरेटरकडे बी, इन्स्पेक्शनकडे सी. जॉब दोघांच्याही मते बरोबर, आणि असेंब्लीला बसत नाही.” आम्हाला दोघांना तासभर जे नीट मांडता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एफएमसीने व्हीओजीओ मुकाट्याने घेतल्याची गोष्ट. त्याने नकार दिला तेव्हा तो काकांना खरी माहिती देत होता. होकार दिला तेव्हा फक्त एवढंच सांगत होता की या नावाची नोंद माझ्याकडे आहे. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात काली शहराजवळ एक बोइंग ७५७ डोंगरावर आदळलं. वैमानिकांना रोझो नावाच्या बीकनकडे जायचं होतं, नकाशावर त्याचं चिन्ह आर. एफएमसीत आर टाकलं तर यादीत आधी आलं ते बोगोटाजवळचं रोमिओ. रोझो त्या यादीत पूर्ण नावाने साठवलेलं होतं. संगणकाने दिलेलं स्वीकारलं गेलं आणि रात्रीच्या अंधारात विमान डावीकडे वळलं. १५९ माणसं गेली, चार वाचली. घरातल्या टेबलावरच्या चुकीची तुलना मी त्या अपघाताशी करत नाही. पण नकाशा एका नावाने बोलतो, यंत्र दुसऱ्या, आणि माणूस घाईत दोन्ही एकच समजतो, ही घडण तीच आहे. आणि आपण घरी ज्याचा सराव करतो ते तेच यंत्र आहे.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय मुलाने सुचवला: मोपा सोडून द्यायचं, पुढच्या रविवारी सगळ्यांनी डाबोळीला जायचं. काकांनी लगेच नाही म्हटलं. आपल्यासाठी गटाने मागे राहावं हे त्यांना मान्य नव्हतं.

दुसरा, गंतव्य डाबोळीच ठेवून मोपाचा बिंदू अक्षांश-रेखांशाने मार्गात घालायचा आणि फिक्स पानावर त्याच्याभोवती अंतराचं वर्तुळ काढायचं. हे चालतं. जुन्या डेटावर उडणारे अनेक जण हेच करतात. अडचण अशी की एफएमसीचा उतरणीचा आणि इंधनाचा हिशेब गंतव्याच्या धावपट्टीपासून मागे मोजला जातो. मधल्या बिंदूला हाताने उंचीचं बंधन दिलं नाही तर परत राजापूरचंच वर्तुळ. शिवाय हाताने भरलेले आकडे. १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका एअरबस ए३३०मध्ये जागेचं रेखांश १५१ऐवजी १५ भरलं गेलं. विमानाची दिशादर्शक यंत्रणा बिघडत गेली आणि त्याला शेवटी मेलबर्नला उतरावं लागलं. काकांची स्वतःचीही एक चुकीची नोंद ताजी होती.

तिसऱ्याचा मोह काकांना फार झाला. त्यांच्या ॲड-ऑनची नेव्हडेटा साध्या मजकुराच्या फायलींमध्ये असते. विमानतळांच्या फायलीत प्रत्येक धावपट्टीला एक ओळ: नाव, चार अक्षरं, धावपट्टीचा क्रमांक, लांबी, दिशा, अक्षांश, रेखांश, आयएलएसची वारंवारता, उंची. नोटपॅडमध्ये उघडून मोपाची एक ओळ घालायची. रकाने ठरावीक रुंदीचे असतात. एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली की अक्षांशाचा शेवटचा आकडा रेखांशात जातो. काकांसारख्या माणसाला ते जमलंही असतं. पण मोपाला येणाऱ्या वाटा, मार्गातले नवे बिंदू, बदललेले हवाई मार्ग हे सगळं एका ओळीत येत नाही. १९०३च्या अंगावर २०२३चं एक बटण शिवल्यासारखं झालं असतं, आणि आयडेंट पानावरची तारीख त्यानंतर खोटी ठरली असती. मी या पर्यायाला ठाम विरोध केला.

चौथा, एफएमसीची सगळी नेव्हडेटा बदलायची. नेव्हिग्राफसारख्या सेवेचं सदस्यत्व घ्यायचं, त्यांचं छोटं सॉफ्टवेअर संगणकावरची ओळखीची ॲड-ऑन शोधून प्रत्येकाची फाइल बदलतं. सिमब्रीफलाही तेच सदस्यत्व जोडता येतं. मोफत वापरणाऱ्याला तिथे जुनी सायकल मिळते, सदस्याला चालू. पैसे द्यावे लागतात, आणि काकांना कार्डाने परदेशी सेवेला दरमहा पैसे जाणं पसंत नव्हतं. पेन्शनचा प्रश्न नव्हता. आपण बंद करेपर्यंत चालू राहणाऱ्या खर्चावर त्यांचा विश्वास नाही.

पाचवा, नवा संगणक आणि नवा सिम्युलेटर. मुलाने विषय काढला, काकूंनी आतल्या खोलीतून “बघू दिवाळीला” म्हटलं, विषय मिटला.

काय केलं

ठरलं ते असं: एका महिन्याचं सदस्यत्व घ्यायचं, एफएमसी चालू सायकलवर आणायचा, लगेच सदस्यत्व बंद करायचं. डेटा संगणकावर राहतो. फक्त तिथून पुढे तो जुना होत जातो, आणि कुठे थांबलाय ते आपल्याला नेमकं माहीत असतं. कार्ड मुलाच्या वडिलांचं, पैसे काकांनी त्याच संध्याकाळी रोख दिले.

आम्ही मुद्दाम १० ऑगस्टपर्यंत थांबलो, कारण त्या गुरुवारी २३०८ सुरू होत होती. आधी जुन्या नेव्हडेटाच्या फोल्डरची प्रत वेगळी ठेवली. मग अद्यतन. आयडेंट पानावर आता एयूजी१०एसईपी०६/२३. काकांनी व्हीओजीए टाइप केलं, ओळीवर चढवलं, आणि ते चढलं.

त्यांनी साठवलेला जुना मुंबई–डाबोळी मार्ग नव्या डेटावर उघडला तर तो मध्येच तुटला. साठवलेली फाइल बिंदूंची नावं धरून ठेवते, आणि नावं या चार वर्षांत बदललेली. दीडशे वेळा वापरलेला मार्ग त्यांनी नव्याने बांधला. हे आम्ही आधी सांगायला हवं होतं. ऐन वेळी कळल्यामुळे काका थोडे चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

शनिवारी जाळ्याबाहेर चाचणी उड्डाण. दोन गोष्टी पुढे आल्या. आयएलएस गप्प राहणार हे माहीतच होतं. दुसरी अनपेक्षित होती: नकाशावर विमान मार्गाच्या मॅजेन्टा रेषेवर अचूक, आणि खिडकीतून पाहिलं तर धावपट्टी उजवीकडे दीडशे मीटर. एफएमसीच्या यादीतली धावपट्टी आणि दृश्यसंच बनवणाऱ्याने अंदाजाने ठेवलेली धावपट्टी एका जागी नव्हत्या. मुलाने एअरपोर्ट डिझाइन एडिटर या मोफत साधनात दृश्यसंच उघडला. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एआयपी, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहितीपुस्तिका, इंटरनेटवर सर्वांना पाहता येते. तिच्यातले धावपट्टीच्या टोकांचे अक्षांश-रेखांश आणि आयएलएसचे तपशील घेऊन त्याने धावपट्टी सरकवली आणि आयएलएस बसवला. काका शेजारी बसून आकडे वाचत होते आणि मुलाने टाइप केल्यावर पडद्यावरून परत वाचून घेत होते. एकदा मिनिटांच्या दशांशाची आणि सेकंदांची गल्लत त्यांनीच पकडली. या फाइलीवर हात चालवणं मला नेव्हडेटाच्या फाइलीइतकं धोक्याचं वाटलं नाही, कारण इथे चूक झाली तर ती खिडकीतून दिसते.

मग काकांनी एका वहीत पान आखलं. तीन रकाने: आराखडा, एफएमसी, सिम्युलेटर. पहिल्या दोनात सायकलचा क्रमांक, तिसऱ्यात विमानतळ आहे का आणि आयएलएस आहे का. खाली दोन ओळी. एक, एक्झेक दाबण्याआधी आराखड्यातलं एकूण अंतर आणि एफएमसीच्या प्रोग्रेस पानावरचं अंतर शेजारी शेजारी लिहायचं. दुसरी, नकाशा प्लॅन मोडवर ठेवून लेग्ज पानावरून एकेक टप्पा पुढे सरकवत शेवटच्या बिंदूपर्यंत जायचं आणि तो बिंदू पडद्यावर कुठे येतो ते बघायचं.

परिणाम

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी गट पुन्हा मोपाला गेला. काकांनी निघण्याआधी दोन अंतरं वाचून दाखवली. फरक चार मैलांचा, प्रस्थानाच्या वळणामुळे. टॉप ऑफ डिसेंट रत्नागिरीपाशी आला. ढग खाली होते, पावसाळाच होता, आणि आठशे फुटांवर धावपट्टी दिसली. ते तिसऱ्या क्रमांकाला उतरले. कंट्रोलर तोच होता की दुसरा, कळायला मार्ग नव्हता. काकांनी त्याचे आभार मानताना मागच्या वेळचा उल्लेख केला आणि पुढच्या विमानासाठी धावपट्टी पटकन मोकळी केली.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारच्या उड्डाणात तीन ठिकाणी वाट बदलता आली असती.

पहिलं, नॉट इन डेटाबेसपाशी. त्या क्षणी गटाला एक वाक्य विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. काकांनी विचारलं नाही, कारण वीस मिनिटं उरली होती आणि बाकीचे तयार असल्याचं सांगत होते. आम्ही निघण्याची वेळ पाळण्याला फार महत्त्व देत होतो. आता निघण्याआधी दहा मिनिटं कुणीही ‘थांबा’ म्हणू शकतो आणि कारण द्यावं लागत नाही.

दुसरं, एक्झेकपाशी. अंतरं ताडून पाहिली असती तर वीस मैलांचा फरक उभा राहिला असता. विमान कंपन्यांचे वैमानिक ही ताडणी करतातच. आम्ही घरी तिला फाटा दिला होता, कारण फाइल सरळ आत येते तेव्हा तपासण्यासारखं काही उरलंय असं वाटत नाही. हाताने एकेक बिंदू भरताना चुका जास्त होतात, पण प्रत्येक बिंदू डोळ्याखालून जातो. आयात केलेला मार्ग कुणीच वाचत नाही. ही सोय मी सोडणार नाही, पण तिने आमचं काय नेलं ते मला त्या मंगळवारपर्यंत कळलं नव्हतं.

तिसरं, हवेत. मार्ग चुकलाय हे कळल्यावर सीडीयू सोडून द्यायला हवा होता. दिशा (हेडिंग सिलेक्ट), उंची, वेग, हे तीन हाताने धरायचे आणि कंट्रोलरला सांगायचं की दिशा तुम्ही द्या. हे काकांना येत होतं. येत असलेलं आठवलं नाही, कारण तोपर्यंत त्यांनी ते कधी गरज पडून केलंच नव्हतं. त्यानंतर आम्ही महिन्यातून एक फेरी एफएमसीत मार्ग न भरता करतो.

आणि माझं. फाइल पाठवताना मी त्यांना सायकल विचारली नाही. चार वर्षं त्यांच्या फायली बनवत होतो, आणि त्यांचा डेटा कुठल्या वर्षाचा आहे हे मला माहीत नव्हतं. मार्ग जुन्या डेटावरही तगतील असे सरळ होते म्हणून ते उघडं पडलं नाही, इतकंच. तेव्हापासून फाइलीच्या नावातच सायकलचा आकडा असतो, आणि गटातल्या प्रत्येकाचा आकडा माझ्याकडे लिहिलेला आहे. ज्याचा सर्वांत जुना, त्याच्या यादीत नसलेलं विमानतळ आम्ही त्याला विचारल्याशिवाय ठरवत नाही.

काकांचा डेटा २३०८ वरच थांबलेला आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं, त्या दिवशी दुपारी गटावर पहिला निरोप त्यांचाच आला: “तारीख ठरवण्याआधी सगळ्यांनी आपापल्या तिन्ही याद्या बघा. माझ्याकडे एकातही नाही.”